सोलमध्ये मेट्रोतून वर या, बसने फिरा

पुण्या-मुंबईकडून शिकायला किंवा नोकरीला सोलला आलेली आपली मंडळी मेट्रोला चटकन सरावतात. स्टेशनांना नंबर आहेत, इंग्रजी पाट्या आहेत, चुकायला फारशी जागाच नाही. बसचं नाव काढलं की मात्र पाय मागे येतो. मग दोन-दोन वर्षं इथे राहूनही शहर पाहिलं जातं ते जमिनीखालून. मी ग्वानाक भागात राहते, सोल नॅशनल युनिव्हर्सिटीत काम करते आणि रोज बसने जाते-येते. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगते : पहिल्याच आठवड्यात बसमध्ये बसा. बस अवघड नाही. फक्त कंडक्टर नसतो, त्यामुळे जे विचारून घ्यायची आपल्याला सवय आहे, ते इथे आधी माहीत असावं लागतं. तेवढंच इथे लिहिते.

आमच्या विद्यापीठाचंच बघा. लाईन २ वर विद्यापीठाच्या नावाचं स्टेशन आहे. नवा विद्यार्थी नाव वाचून तिथे उतरतो आणि मुख्य दार तिथून जवळपास दोन किलोमीटरवर निघतं, तेही चढावर. तिसऱ्या क्रमांकाच्या दारातून बाहेर पडून ५५११ किंवा ५५१३ नंबरची हिरवी बस पकडली, की ती कॅम्पसच्या आतपर्यंत सोडते. इंजिनिअरिंगच्या इमारती डोंगराच्या अंगाला, खूप वर आहेत. तिकडे जायचं असेल तर नाक्सॉंगदे स्टेशनवरून 'ग्वानाक ०२' ही छोटी बस बरी पडते.

रंग आणि नंबर

आजची व्यवस्था १ जुलै २००४ पासूनची आहे. त्याआधी खासगी कंपन्या आपापल्या फायद्याच्या रस्त्यांवर प्रवाशांसाठी ओढाताण करायच्या. त्या वर्षी शहराने मार्ग ठरवणं आणि पैशांचा हिशोब आपल्याकडे घेतला. बस कंपन्यांच्याच राहिल्या, पण त्यांना पैसे मिळू लागले ते गाडी किती चालली त्यावर. पहिल्या काही दिवसांत कार्डाची यंत्रं बंद पडली, रस्त्यात बसच्या रांगा लागल्या आणि तेव्हाचे महापौर ली म्युंग-बाक यांना नागरिकांची माफी मागावी लागली. पण घडी बसली ती बसलीच, आणि आज सात हजारांहून जास्त बस तिच्यावर चालतात.

निळ्या बस लांब पल्ल्याच्या, शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणाऱ्या. हिरव्या बस त्या-त्या भागातल्या, लोकांना मेट्रोपर्यंत आणून सोडणाऱ्या. लाल बस सोलबाहेरच्या उपनगरांना जोडणाऱ्या. पिवळ्या गोल फेरीच्या बस अगदी मोजक्या आहेत, नवख्याने त्यांचा विचार केला नाही तरी चालेल. शिवाय हिरव्याच रंगाच्या छोट्या मोहल्ला-बस असतात, त्यांना इथे 'माउल बॉसु' म्हणतात. त्यांच्यावर भागाचं नाव आणि दोन आकडे असतात. चढाच्या गल्लीबोळांत मोठी बस शिरत नाही, तिथे त्याच जातात.

नंबर पाठ करायचे नाहीत, वाचायचे. शहराचे ० ते ७ असे आठ विभाग केलेत. ० म्हणजे मध्यभाग : जोंगनो, जुंग, योंगसान. १ उत्तरेला, दोबोंग-नोवॉन-सॉंगबुककडे. तिथून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरत जायचं. २ पूर्वेला, ३ सोंगफा-गंगदोंग, ४ गंगनाम-सॉछो, ५ आमचं ग्वानाक आणि शेजारचं दोंगजाक, ६ गुरो-यॉंगदुंगफो, ७ मापो-उनफ्यॉंग. निळ्या बसच्या तीन आकड्यांपैकी पहिला निघण्याचा विभाग, दुसरा पोहोचण्याचा, तिसरा नुसता क्रमांक. हिरव्याला चार आकडे, त्यांतले पहिले दोन असेच वाचायचे.

आता ५०१ घ्या. ५ म्हणजे ग्वानाक, ० म्हणजे मध्यभाग. ही बस आमच्याकडून निघून हान नदी ओलांडते आणि सोल स्टेशनवरून जोंगनोला जाते. ५५११ पाचातून निघून पाचातच संपते, म्हणजे जवळची फेरी. १४३ उत्तरेच्या जॉंगनुंगहून गंगनामच्या गेफोला जाते. २७३ पूर्वेच्या जुंगनांगहून मापोतल्या होंगदेला. एकदा हे डोक्यात बसलं की अनोळखी थांब्यावर समोर आलेली बस साधारण कुठे निघाली आहे ते नंबरावरून कळतं. मला सोलमध्ये पहिल्यांदा निर्धास्त वाटलं ते या आकड्यांमुळे.

कार्ड, आणि उतरताना कार्ड

इथे सगळा कारभार टी-मनी कार्डावर चालतो. जीएस-२५, सीयू, सेव्हन-इलेव्हन, कुठल्याही कोपऱ्यावरच्या दुकानात हे कार्ड मिळतं आणि तिथेच भरूनही मिळतं. भरायला रोख वॉन लागतात, म्हणून खिशात दहा हजारांच्या एक-दोन नोटा असू द्या. आपल्या भारतीय बँकेच्या कार्डाच्या भरवशावर बसमध्ये चढू नका. रोख पैशांचाही भरवसा नाही, कारण २०२१ पासून सोलमधल्या कित्येक मार्गांवर नाण्यांची पेटीच काढून टाकली आहे.

ऑगस्ट २०२३ च्या दरवाढीनंतर कार्डाने निळ्या-हिरव्या बसचं भाडं १,५०० वॉन झालं, मोहल्ला-बसचं १,२०० आणि लाल बसचं ३,०००.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आता सांगते. चढताना पुढच्या दाराशी कार्ड लावायचं हे सगळ्यांना समजतं. उतरताना मागच्या दाराशी पुन्हा लावायचं, हे नवे लोक विसरतात. एकच बस घेऊन तिथेच काम संपणार असेल तर काही बिघडत नाही, सोलच्या बसला एकट्या प्रवासात अंतराप्रमाणे भाडं नाही. पण पुढे दुसरी बस किंवा मेट्रो घ्यायची असेल, तर उतरतानाची ती नोंदच तुमचा पास असते. उतरल्यापासून ३० मिनिटांत (रात्री ९ ते सकाळी ७ या वेळात ६० मिनिटांत) पुढच्या वाहनात चढलात, तर नव्याने भाडं पडत नाही, फक्त फरक कापला जातो. मोहल्ला-बसने १,२०० देऊन स्टेशनवर आलात आणि निळी बस घेतलीत, तर कापले जातात ३००. निळ्या बसमधून मेट्रोत गेलात तर २०२५ च्या मेट्रो दरवाढीनंतर वरचे ५० वॉन. सगळं मिळून अंतर १० किलोमीटरच्या वर गेलं की दर ५ किलोमीटरला आणखी १०० वॉन. असं चार वेळा बदलता येतं. बदली धरली गेली की यंत्रातून 'ह्वान्सुंग इम्निदा' असा आवाज येतो. तो ऐकायची सवय लावा. तो आला नाही, तर पूर्ण भाडं गेलं असं समजा.

यातली एक अट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्याच नंबरच्या बसमध्ये पुन्हा चढलं तर बदली धरली जात नाही. म्हणजे दुकानात पाच मिनिटं डोकावून त्याच ५०१ ने परत आलात, तर भाडं नव्याने. थोडं चालून वेगळ्या नंबरची बस घ्या.

पाकिटात दोन कार्डं असतील तर पाकीट तसंच यंत्राला लावू नका. यंत्र गोंधळतं, एकच कार्ड लावा म्हणून ओरडतं आणि मागे रांग तुंबते. टी-मनी कार्ड मोबाईलच्या कव्हरमागे एकटं ठेवा.

सोलमध्येच राहून रोज जा-ये करणाऱ्यांनी जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेलं मासिक कार्ड जरूर बघावं. त्याचं कोरियन नाव 'खिहू दोंगहेंग खादु'. ६२,००० वॉनमध्ये ३० दिवस सोलची मेट्रो आणि सोलच्या बस हव्या तेवढ्या. १,५०० ने भाग घालून बघा, महिन्याला बेचाळीस किंवा जास्त फेऱ्या होत असतील तर ते परवडतं. लाल बसला आणि शेजारच्या ग्यॉंगी प्रांताच्या बसला ते चालत नाही, त्यामुळे सुवॉन किंवा योंगिनला नोकरी असणाऱ्यांनी घेण्याआधी नीट हिशोब करावा. आणि या कार्डावर उतरताना ते लावायला दोनदा विसरलात तर ते २४ तास बंद पडतं.

थांब्यावर

गूगल मॅपवर इथे विसंबू नका, चालायचा रस्ता ते धड दाखवत नाही. नेव्हर मॅप इंग्रजीत आहे, तेच घ्या. प्रत्येक थांब्याला पाच आकडी नंबर असतो आणि तो पाटीवर लिहिलेला असतो. ॲपमधला नंबर आणि पाटीवरचा नंबर जुळला की मगच उभं राहा. कारण रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या थांब्यांचं नाव एकच असतं, आणि नाव वाचून उभं राहिलेला माणूस हमखास उलट दिशेला जातो.

मोठ्या रस्त्यांवर बसची मार्गिका मधोमध असते आणि थांबेही मधोमध. पुण्यात सातारा रस्त्यावर बीआरटीच्या थांब्यावर गेलेल्यांना ही रचना ओळखीची वाटेल. इथे झेब्रा पट्ट्यावरून सिग्नल मिळाल्यावरच जायचं. बस समोर उभी दिसली तरी मधूनच पळू नये, मागून दुसरी बस वेगात येत असते.

थांब्यावरच्या फलकावर प्रत्येक नंबरसमोर किती मिनिटं आणि बस किती थांबे लांब आहे ते दिसतं. शेजारी गर्दीही लिहिलेली असते : 'योयू' म्हणजे जागा आहे, 'पोथोंग' बेताची, 'होन्जाप' म्हणजे खच्चून. घाई नसेल तर होन्जाप सोडून द्या, मागची बस बहुतेक वेळा मोकळी येते. 'माक्छा' दिसलं तर मात्र सोडू नका, ती त्या रात्रीची शेवटची बस.

बस दिसली की पुढे व्हा आणि हात दाखवा. एकामागे एक तीन-चार बस लागल्या तर तुमची बस मागेच दार उघडते, माणसं घेते आणि पुढे येऊन पुन्हा थांबत नाही. पाटीखाली उभं राहून वाट बघण्यात अर्थ नाही, बसकडे चालत जायचं.

जानेवारीत पारा शून्याच्या खाली दहापर्यंत जातो. तेव्हा बऱ्याच थांब्यांवरचे बाक गरम केलेले असतात. हात लावून बघा आणि बसा. पहिल्या हिवाळ्यात त्या बाकाने मला जेवढा धीर दिला, तेवढा जाड कोटानेही दिला नाही.

आत शिरल्यावर

कार्ड लावलं की लगेच मधला खांब पकडा. बस तुम्ही बसायची वाट बघत नाही, आणि सोलच्या चढ-उतारांवर ब्रेक जोरात लागतो. पुढच्या बाजूच्या वेगळ्या रंगाच्या खुर्च्या वयस्कर माणसांसाठी आणि गर्भवतींसाठी असतात. तरुण माणसाने सरळ मागच्या दारापलीकडे जावं. उतरायचा थांबा पुकारला की लाल बटण दाबा. कुणी आधीच दाबलं असेल तर सगळे दिवे लागलेले दिसतात, पुन्हा दाबायची गरज नसते. बटण कुणीच दाबलं नाही आणि थांब्यावरही कुणी नसेल, तर बस थांबत नाही.

थांब्यांची घोषणा आधी कोरियनमध्ये होते, इंग्रजी सगळ्या थांब्यांना नसते. 'ईबॉन' ने सुरू होतो तो आत्ता येणारा थांबा, 'ताउम' ने सुरू होतो तो त्याच्यानंतरचा. 'ताउम'मध्ये तुमच्या थांब्याचं नाव आलं की उठायची तयारी, 'ईबॉन'मध्ये आलं की बटण. आणि कोरियन अक्षरं शिकून घ्या. एका शनिवार-रविवारात ती वाचता येतात आणि बसमधला पडदा तुमचा होतो.

दार उघडलं नाही तर गप्प उभं राहू नका. 'किसानिम, त्विन्मुन यॉरॉ जुसेयो' असं मोठ्याने म्हणा : ड्रायव्हरसाहेब, मागचं दार उघडा. 'किसानिम' हे आदराचं आहे, तेच वापरा. बस योग्य आहे का अशी शंका असेल, तर चढता चढता 'सौलयॉक कायो?' विचारा, म्हणजे सोल स्टेशनला जाते का. मान हलते, उत्तर मिळतं.

आई आली होती तेव्हाचं सांगते, कारण पाहुणे सगळ्यांकडेच येतात. दोघांचं भाडं एका कार्डावर देता येतं, पण कार्ड लावायच्या आधी बोलावं लागतं : 'किसानिम, तू म्यॉंगियो', दोघी आहोत. ड्रायव्हर एक बटण दाबतो, मग कार्ड लावायचं. आईला साडीत उंच पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून मी ॲपमध्ये सखल मजल्याच्या बसची खूण बघून निघायचे. एकदा ५०१ ला गर्दी होती. आईच्या हातात भाजीची पिशवी होती. खिडकीशी बसलेल्या एका आजीबाईंनी काही न बोलता ती पिशवी ओढून स्वतःच्या मांडीवर घेतली. आई बावरून माझ्याकडे बघायला लागली. मी सांगितलं, घेऊ दे, इथल्या जुन्या बायका उभ्या माणसाचं ओझं असंच धरतात. आजीबाईंनी पिशवीतली मेथीसारखी दिसणारी जुडी उचलून वास घेतला, आईला काहीतरी विचारलं, आईने मराठीत उत्तर दिलं, आणि सोल स्टेशन येईपर्यंत दोघींचं भाजीवर बोलणं चाललं होतं. मेट्रोत मी असं कधी पाहिलेलं नाही. तिथे जो तो आपल्या फोनमध्ये असतो.

काय नको

हातात कॉफीचा उघडा कप घेऊन चढू नका. जानेवारी २०१८ पासून सोलच्या नियमात ड्रायव्हरला अशा माणसाला अडवायचा अधिकार आहे, आणि तो वापरला जातो. बंद झाकणाचा जेवणाचा डबा, बांधलेली भाजी, सीलबंद पाकीट चालतं. मोठ्या सूटकेस घेऊन साध्या बसमध्ये शिरायचा प्रयत्न करू नका, विमानतळासाठी वेगळ्या बस आहेत.

फोनवर बोलणं मुद्दाम सांगते. संध्याकाळी सातला आपण घरी निघतो तेव्हा भारतात दुपारचे साडेतीन झालेले असतात, घरच्यांचा फोन नेमका बसमध्ये येतो. 'बसमध्ये आहे, उतरून करते' एवढंच बोला. सोलची बस शांत असते, आपला आवाज ड्रायव्हरपर्यंत जातो.

लाल बसमध्ये एक्सप्रेस-वेवर उभं राहून जाता येत नाही. काचेवर किंवा फलकावर रिकाम्या जागांचा आकडा असतो. तो शून्य असेल तर पुढची बस. बसल्यावर पट्टा बांधा.

रात्र आणि पहाट

मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते. टॅक्सी परवडत नसेल तर 'एन'ने सुरू होणाऱ्या रात्रीच्या बस आहेत, भाडं २,५०० वॉन. त्या २०१३ मध्ये सुरू झाल्या. रात्री लोक कुठून कुठे जातात हे शोधायला शहराने मोबाईल कॉलच्या तीन अब्ज नोंदी तपासल्या आणि त्यावरून मार्ग आखले. आमच्या भागातून एन६१ जाते, यांगछॉनहून नोवॉनकडे, म्हणजे पुन्हा तेच गणित, ६ कडून १ कडे. प्रयोगशाळेत उशीर झाला की मी तिनेच येते. एका बसनंतर दुसरी यायला बराच वेळ जातो, त्यामुळे ॲपमध्ये बघूनच बाहेर पडा.

पहाटेची बस एकदा तरी घ्या. ६४११ नंबरची बस गुरोहून पहाटे चारला सुटते आणि गंगनामकडे जाते. काही थांब्यांतच ती भरते. आत बहुतेक पन्नाशी-साठीच्या बायका असतात, ऑफिसं उघडायच्या आत ती झाडून-पुसून ठेवणाऱ्या. रोह ह्वे-छान या नेत्याने २०१२ मध्ये पक्षाचं अध्यक्षपद स्वीकारताना केलेल्या भाषणात याच बसमधल्या बायकांबद्दल सांगितलं, आणि तेव्हापासून हा नंबर सगळ्या कोरियाला ठाऊक झाला. २०२३ मध्ये १४६ नंबरच्या पहाटेच्या प्रवाशांनी बस आणखी लवकर सोडायची मागणी केली, तेव्हा ८१४६ ही नवी बस ३ वाजून ५० मिनिटांनी सुटू लागली. माझ्या विभागातल्या खोल्या झाडणाऱ्या मावशीही पहाटेच्या अशाच एका बसने येतात. मी कामावर पोहोचते तेव्हा त्यांचा अर्धा दिवस झालेला असतो.

सुरुवात कुठून करावी

रविवारी सकाळी, रस्ते मोकळे असताना, २७३ किंवा १४३ मध्ये खिडकी पकडा. २७३ अनेक विद्यापीठांवरून जाते, कोरिया युनिव्हर्सिटी, ह्येह्वा, जोंगनो, सिन्छोन आणि मग होंगदे. विद्यार्थ्यांना शहर समजून घ्यायला यापेक्षा स्वस्त साधन नाही. १४३ जोंगनो-म्यॉंगदोंगवरून नामसानच्या बोगद्यातून दक्षिणेला निघते आणि नदी ओलांडते. कुठे जायचं ते ठरवू नका, जिथे बरं वाटेल तिथे उतरा. उतरताना कार्ड लावलं असेल तर अर्ध्या तासात दुसऱ्या नंबरची बस हाताशी आहेच.

बसमध्ये काही राहिलं तर घाबरू नका, वस्तू बहुधा डेपोत जमा होते. बसचा नंबर, कुठे उतरलात आणि किती वाजता, एवढं लिहून ठेवा आणि १२० वर फोन करा. ती सोल शहराची माहितीसेवा आहे. परदेशी भाषांसाठी ९ दाबायचा, इंग्रजीत बोलता येतं, आणि ते बस कंपनीचा फोन नंबर देतात.